नखानं खुडा म्हणजे नखानं खुडा!

रविवार संपला. शेवटची गाडी गेली, फाटक लावलं आणि आता बसून लिहितोय, कारण घरात बोललो तर आप्पा म्हणतात, "गिऱ्हाईक आहे, सोड." आज सोडणार नाही.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याला लागून आमची दीड एकर स्ट्रॉबेरी. आप्पा, आई, बायको आणि मी, एवढीच माणसं. फाटकावर पाटी आहे : 'स्वतः तोडा. खाल ते फुकट, न्याल त्याचे पैसे.' पाटी माझीच आयडिया. आप्पा नको म्हणत होते, तेव्हा ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

आत सोडताना प्रत्येकाला आप्पा दाखवतात. फळ धरायचं नाही, ओढायचं नाही, मागचा देठ दोन नखांत धरून खुडायचा. दोन सेकंदांचं काम. सगळे "हो हो काका" म्हणतात आणि चार पावलांवर जाऊन फळ असं हिसकतात की अख्खा झुपका हातात. त्या झुपक्यात एक लाल असतं, बाकी तीन हिरवी आणि दोन फुलं. अहो, फुलाचं फळ व्हायला महिना लागतो! तुमच्या एका फोटोसाठी आमचा पुढचा महिना उपटला की!

आणि पांढरी फळं! अर्धं पांढरं तोडायचं, चावायचं, "ई, आंबट" म्हणायचं आणि वाफ्यावरच टाकायचं. आज एका पोरानं एकेक चावा घेतलेली अकरा फळं मल्चिंग पेपरवर (गवत येऊ नये म्हणून वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक) रांगेत मांडून ठेवली होती. अकरा. मी मोजली. त्याची आई बाजूला उभी राहून व्हिडिओ काढत होती, 'सो क्यूट' म्हणत. ती उचलायची कुणी? आम्हीच, कारण तिथंच सडली की बुरशी शेजारच्या चांगल्या फळांवर जाते.

एक काका तर पाटीभर कच्ची घेऊन आले. म्हटलं, काका, ही पिकायची नाहीत आता. तर मलाच समजावतात, "अरे, अढीत घालू. आमचा हापूसचा अनुभव आहे." स्ट्रॉबेरी अढीत! झाडावरून तोडली की तिचं पिकणं तिथंच थांबतं. नंतर रंग थोडाफार चढेल, गोडी वाढत नाही. तीनदा सांगितलं. शेवटी वजन करून दिली. माझं काय जातंय, म्हटलं. पण जातंय हो, आठवडाभर थांबलो असतो तर तीच फळं लालभडक झाली असती.

टाचांच्या सॅंडलवर बोलायलाच नको. मधून चालायला सरी ठेवलीय, तरी गादीवाफ्यावर चढायचंच. मल्चिंगला भोकं पडतात आणि आठ दिवसांत प्रत्येक भोकातून गवत वर. परवा फवारणी केलेल्या भागाला सुतळी बांधली होती. ती शोभेची नव्हती. तिच्याखालून वाकून एक अख्खं कुटुंब आत. ओरडलो तर म्हणे, "बोलायची पद्धत बघा यांची." तुमच्याच पोटात औषध जाऊ नये म्हणून ओरडलो ना?

एका ताईंना मधमाश्या हाकलून हव्या होत्या. त्या माश्या नसल्या तर फळ वेडंवाकडं होतं, मग तुम्हीच म्हणणार, "शेप नाही याला."

२०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती तोडायला येणाऱ्यांना कसलं मानांकन द्यावं, सांगा.

आणि हिशेब? सहा जण तासभर पोटभर खाऊन बाहेर येतात, २०० ग्रॅमचा एक पनेट, म्हणजे छोटा डबा, घेतात आणि वर घासाघीस, "पुण्यात सिग्नलला स्वस्त मिळते." मग तिकडंच घ्यायची! सिग्नलवाल्याच्या वाफ्यात नाचायला मिळत नाही, म्हणून तर घाट चढून आलात ना?

सगळेच तसे नसतात, हेही लिहितो, नाहीतर बायको रागावेल. सकाळी एक आजी आल्या होत्या, नऊवारीतल्या. आप्पांनी दाखवायच्या आधीच नखानं खुडायला लागल्या. अर्धा किलो घेतली, एक पान हललं नाही.

हे लिहिता लिहिता फोन वाजला. पाटीवर नंबर टाकायची आयडियाही माझीच. पलीकडून अढीवाले काका. विचारतायत, गवतात ठेवू का पेपरात गुंडाळू?