अॅलन मॅकगी, ओअॅसिस आणि चुकलेल्या गाडीची गोष्ट

2025 च्या जुलैत कार्डिफच्या स्टेडियममध्ये ओअॅसिस हा ब्रिटिश बँड सोळा वर्षांनी पुन्हा एकत्र उभा राहिला, आणि तेव्हापासून त्या बँडला करारबद्ध करणाऱ्या अॅलन मॅकगी या स्कॉटिश गृहस्थांची गोष्ट प्रेरणादायी मजकूर म्हणून नव्याने फिरू लागली आहे. तिचा मराठी अवतार मला तीन निरनिराळ्या गटांतून आला, तिन्ही वेळा शेवटी जोडलेल्या हातांच्या चिन्हासह. मजकुराचा गोषवारा असा: रेल्वेतल्या एका साध्या कारकुनाने नोकरीवर लाथ मारून एकट्याने रेकॉर्ड कंपनी काढली, एका रात्री त्याची गाडी चुकली म्हणून तो एका क्लबात शिरला आणि तिथे गाणारी अनोळखी पोरे त्याने जागच्या जागी करारबद्ध केली, मग मॅनेजर होऊन त्याने त्यांना जगप्रसिद्ध केले, मोठ्या कंपन्यांचा एक पैसाही न घेता त्याने त्यांना हरवले, आणि शिखरावर असताना दुकान बंद करून तो निवृत्त झाला. यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येकाचा स्वतंत्र समाचार घेणे भाग आहे.

"एका कारकुनाने नोकरी सोडून एकट्याने कंपनी काढली"

मॅकगी ब्रिटिश रेलमध्ये कारकून होते, हे खरे. ग्लासगोहून ते 1980 मध्ये लंडनला आले आणि 1983 मध्ये त्यांनी क्रिएशन रेकॉर्ड्स सुरू केली, हेही खरे. पण एकट्याने नव्हे. डिक ग्रीन आणि जो फॉस्टर हे दोघे सुरुवातीपासून भागीदार होते, आणि पुढच्या सतरा वर्षांत हिशेब, बिले आणि बँकेची पत्रे यांच्याशी मुख्यतः ज्याचा सामना होत राहिला तो माणूस ग्रीन होता. मॅकगी बोलत, ग्रीन बेरजा करीत. बोलणाऱ्याची गोष्ट होते, बेरीज करणाऱ्याची होत नाही, इतकाच फरक आहे.

भांडवलही आकाशातून पडले नाही. सुमारे हजार पौंडांचे बँकेचे कर्ज होते, आणि त्याच्या जोडीला मॅकगी लंडनमधल्या एका पबच्या माडीवर चालवीत असलेला "द लिव्हिंग रूम" हा क्लब होता. क्लबच्या दारावर जमलेल्या पैशांतून बँडचे मानधन वजा जाता जे उरे, ते तबकड्या छापण्याकडे वळे. त्या पहिल्या तबकड्यांना पुठ्ठ्याचे तयार पाकीटसुद्धा परवडत नव्हते. छापलेला कागद हाताने दुमडायचा, त्यात सात इंची तबकडी ठेवायची आणि सगळे पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचे, असे ते काम होते. मित्रमंडळी जमिनीवर बसून ते करीत, आणि त्यांत पुढे प्रायमल स्क्रीमचा गायक म्हणून नाव झालेला मॅकगींचा ग्लासगोचा शाळासोबती बॉबी गिलेस्पीही असे. ज्यांनी लग्नपत्रिकांच्या घड्या घातल्या आहेत, त्यांना या कामाची कल्पना यावी.

"गाडी चुकली आणि नशीब उघडले"

हा गोष्टीचा गाभा आहे आणि सर्वांत अधिक दिशाभूलही इथेच होते, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

तारीख 31 मे 1993, सोमवार. स्थळ ग्लासगोमधल्या सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरचे किंग टट्स वाह वाह हट, जेमतेम तीनशे माणसे मावणारे. मॅकगी तिथे ठरल्यापेक्षा लवकर का पोहोचले, याच्या एकाहून अधिक आवृत्त्या सांगितल्या जातात: एकीत गाडी चुकते, दुसरीत एका मैत्रिणीची फिरकी घेण्याचा बेत असतो. आपण पहिलीच खरी धरली तरी प्रश्न उरतो, की ते नेमक्या याच क्लबात का गेले? त्या रात्रीचा मुख्य बँड होता एटीन व्हीलर, आणि तो क्रिएशनचाच बँड होता. त्याच रात्री सिस्टर लव्हर्स नावाचा मुलींचा बँडही वाजवणार होता, आणि त्यातली डेबी टर्नर ही मॅकगींची मैत्रीण होती. म्हणजे आपल्याच कंपनीचा बँड आणि आपलीच मैत्रीण ज्या मंचावर आहे, तिथे कंपनीचा मालक आला. याला वाट चुकलेला प्रवासी म्हणता येत नाही.

मग ओअॅसिस तिथे कसे आले? मँचेस्टरच्या बोर्डवॉक या क्लबात सिस्टर लव्हर्स आणि ओअॅसिस एकाच तालमीच्या खोलीत सराव करीत. "आम्ही ग्लासगोला चाललो आहोत, तुम्हीही चला" असे त्या मुलींनी सांगितले आणि ही पोरे भाड्याच्या व्हॅनमधून निघाली. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नावही नव्हते. दाराशी बरीच रदबदली झाल्यावर त्यांना चार गाणी वाजवण्याची मुभा मिळाली. वाजवू दिले नाही तर क्लब फोडून टाकू, अशी धमकी त्यांनी दिल्याची आख्यायिका पुढे फार रंगली. क्लबच्या बाजूने ती नाकारली गेली आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असे आपण म्हणतो खरे, पण येथे फांदी, कावळा आणि झाड एकमेकांच्या चांगले ओळखीचे होते.

"अनोळखी पोरे" हेही सैलपणे म्हटलेले आहे. ओअॅसिसचा गिटारवादक आणि गीतकार नोएल गॅलाघर त्याआधी इन्स्पायरल कार्पेट्स या नावाजलेल्या बँडबरोबर वाद्यांची ने-आण आणि जोडणी करणारा मदतनीस म्हणून देशोदेशी हिंडून आला होता. मोठा दौरा कसा चालतो, पैसा कुणाच्या हातून कुणाकडे जातो, हे त्याने मागच्या बाजूने पाहिलेले होते. बँडजवळ आठ गाण्यांची डेमो कॅसेट तयार होती, आणि तिच्या वेष्टनावर मोरीच्या भोकात भोवऱ्यासारखा ओढला जाणारा ब्रिटिश ध्वज छापलेला होता.

आणि "जागच्या जागी" करार झाला नाही. मॅकगींनी त्या रात्री तोंडी प्रस्ताव ठेवला, हे सर्व संबंधित मान्य करतात. प्रत्यक्ष सह्या त्या वर्षीच्या ऑक्टोबरात झाल्या. मधल्या जवळजवळ पाच महिन्यांत वकील आले, मॅनेजर आला आणि एक मोठी कंपनी आली. तिच्याकडे पुढे येतोच.

ही काही एकटी घटना नाही. त्याच्या नऊ वर्षे आधी द जीझस अँड मेरी चेन हा बँड मॅकगींकडे आला तोही असाच. ईस्ट किलब्राइडच्या रीड बंधूंनी आपली कॅसेट ग्लासगोतल्या एका कार्यक्रम-आयोजकाला दिली. त्याला गाणी रुचली नाहीत. पण कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पिंक फ्लॉइड बँडच्या सिड बॅरेटची गाणी भरलेली होती, आणि ती गिलेस्पीला आवडतील म्हणून त्याने कॅसेट त्याच्याकडे दिली. गिलेस्पीने रीड बंधूंची बाजूही ऐकली, त्यांना फोन केला आणि मग मॅकगींना कळवले. 1984 च्या जूनमध्ये ते लिव्हिंग रूममध्ये वाजवायला आले. दोन्ही वेळा योगायोग आहे, नाही असे नाही. पण दोन्ही वेळा तो ओळखीपाळखीच्या एकाच जाळ्यात अडकला, आणि ओअॅसिस भेटेपर्यंत ते जाळे विणण्यात मॅकगींची दहा वर्षे गेली होती. मजकुरात जाळे नाही, फक्त मासा आहे.

"मॅनेजर होऊन त्यांना घडवले"

मॅकगी ओअॅसिसचे मॅनेजर कधीही नव्हते. ते काम मार्कस रसेल यांचे. ते आधी गिटारवादक जॉनी मारचे काम पाहत होते आणि ओअॅसिसबरोबर शेवटपर्यंत राहिले. मॅकगी लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, बाजूला होते.

हा फरक शब्दच्छल नाही. मॅनेजर कलावंताचा माणूस असतो. तो कलावंताच्या मिळकतीवर, सहसा 15 ते 20 टक्के, कमिशन घेतो आणि लेबलशी भांडतो. लेबल ध्वनिमुद्रणावर पैसा लावते आणि त्याच्या विक्रीतून तो वसूल करते. एकाच माणसाने दोन्ही टोप्या घातल्या तर भांडण कुणी कुणाशी करायचे? जीझस अँड मेरी चेनच्या बाबतीत मॅकगींनी काही काळ दोन्ही टोप्या घातल्या होत्या: पहिली एकल तबकडी (सिंगल) 1984 च्या नोव्हेंबरात क्रिएशनने काढली आणि मॅनेजरही तेच होते. पण बँडची मागणी वाढताच क्रिएशनच्या कुवतीपलीकडचा पैसा लागू लागला, आणि 1985 मध्ये तो वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखालच्या ब्लँको य नेग्रो या लेबलकडे गेला. मॅनेजर म्हणून मॅकगी सोबत राहिले आणि त्यांच्या कमिशनचा क्रिएशनला आधार झाला. 1986 मध्ये बँडने त्यांना मॅनेजरपदावरून काढून टाकले. आपल्या पहिल्या यशस्वी बँडने आपल्याला नारळ दिला, हा प्रसंग प्रेरणादायी मजकुरात का नसतो, हे वेगळे सांगायला नको.

"घडवले" या शब्दाबद्दल आणखी एक. 1994 च्या फेब्रुवारीत, लॉस एंजेलिसमध्ये, अमली पदार्थांच्या अतिरेकाने मॅकगी कोसळले आणि पुढचे अनेक महिने उपचारांत व विश्रांतीत गेले. ही गोष्ट त्यांनी स्वतः वारंवार आणि मोकळेपणाने सांगितली आहे. ओअॅसिसची पहिली एकल तबकडी त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली आणि पहिला अल्बम 29 ऑगस्टला. अर्थात ज्या महिन्यांत बँड घराघरांत पोहोचला, त्या महिन्यांत कचेरीत ग्रीन आणि इतर सहकारी होते. यात मॅकगींचा उणेपणा मुळीच नाही. त्यांच्यामागे काम चालू राहील अशी कचेरी उभी होती, हे उलट मला त्यांच्या कारकिर्दीतले अधिक महत्त्वाचे वाटते.

"मोठ्या कंपन्यांचा एक पैसाही घेतला नाही"

हे मात्र अर्धेही खरे नाही.

1987 मध्येच मॅकगींनी वॉर्नरच्या पैशाने एलिव्हेशन नावाचे लेबल काढले. प्रायमल स्क्रीमचा पहिला अल्बम त्यावर आला, चालला नाही, आणि लेबल लवकरच गुंडाळले गेले. यानंतरची चार वर्षे क्रिएशन वितरकांची उधारी, छपाईची बिले आणि पुढच्या तबकडीची आशा यांवर चालली. 1991 च्या शरद ऋतूत तिने लागोपाठ तीन अल्बम काढले, जे आजही त्या दशकातल्या उत्तम कामांत मोजले जातात: सप्टेंबरात प्रायमल स्क्रीमचा "स्क्रीमाडेलिका", नोव्हेंबरात माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा "लव्हलेस" आणि टीनेज फॅनक्लबचा "बँडवॅगनेस्क". पहिल्याला पुढच्या वर्षी, वर्षातल्या उत्तम अल्बमला दिले जाणारे, पहिलेच मर्क्युरी पारितोषिक मिळाले. "लव्हलेस"चे ध्वनिमुद्रण दोन वर्षे, डझनाहून अधिक स्टुडिओंतून, चालले होते. त्यावर अडीच लाख पौंड गेले, असा आकडा नेहमी दिला जातो. बँडचे केव्हिन शील्ड्स तो मान्य करीत नाहीत. आकडा काहीही असो, कौतुकाच्या त्या हंगामात कंपनीची तिजोरी रिकामी होती. कीर्ती आणि रोकड यांची गाठ पडतेच असे नाही, हे रेकॉर्डच्या धंद्यात फार लवकर कळते. क्रिएशनसारख्याच छोट्या कंपन्यांपैकी रफ ट्रेडची वितरणव्यवस्था 1991 मध्ये कोसळली होती आणि मँचेस्टरची फॅक्टरी रेकॉर्ड्स 1992 च्या नोव्हेंबरात बुडाली.

त्याच 1992 मध्ये क्रिएशनने आपला 49 टक्के हिस्सा सोनीला विकला. ओअॅसिस भेटायच्या आधी. आणि जेव्हा ते भेटले, तेव्हा जगभरासाठीचा करार सोनीशीच झाला. सोनीने ब्रिटनपुरता परवाना क्रिएशनला दिला. म्हणजे तबकडीवर नाव क्रिएशनचे, पण मूळ करारपत्र सोनीकडे. ज्या "डेव्हिडने गोलायथला हरवले" असे मजकूर सांगतो, त्या डेव्हिडच्या गोफणीतला दगड गोलायथने पुरवलेला होता.

तरी क्रिएशन "स्वतंत्र", म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ताब्याबाहेरची, होती का? उत्तर मानाल तसे आहे. ब्रिटनमध्ये 1980 पासून निघणारी स्वतंत्र लेबलांची खपाची वेगळी क्रमवारी कंपनीची मालकी पाहत नसे, वितरण मोठ्या कंपनीच्या हाती आहे की नाही एवढेच पाही. 2009 मध्ये नियम बदलून मालकीची कसोटी आली, तीही किमान निम्मा हिस्सा मोठ्या कंपन्यांच्या बाहेर असावा अशी. 51 टक्के स्वतःकडे ठेवणारी क्रिएशन त्या कसोटीलाही उतरली असती. मालकी ठरवताना 49 हा आकडा किती सोयीचा असतो, हे आपल्याकडच्या भागीदारीतल्या धंद्यांनाही ठाऊक आहे. पण "एक पैसाही घेतला नाही" हे विधान कोणत्याही व्याख्येने टिकत नाही.

"शिखरावर असताना निवृत्त झाले"

शिखर म्हणायचे तर ते 1996 चा ऑगस्ट: इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानावर ओअॅसिसला दोन रात्री मिळून अडीच लाख श्रोते. लेबल बंद करण्याची घोषणा झाली 1999 च्या नोव्हेंबरात. मधल्या तीन वर्षांत ओअॅसिसचा तिसरा अल्बम भरपूर खपून लोकांच्या मनातून उतरला होता आणि कंपनीत दुसरा तेवढा मोठा बँड उभा राहिला नव्हता. त्याच काळात मॅकगी टोनी ब्लेअर सरकारच्या सर्जनशील उद्योगांविषयीच्या कृतिदलावर होते आणि बेरोजगार वादकांना भत्ता घेताना संगीत हेच काम म्हणून मोजता यावे, यासाठी आग्रह धरीत होते. ब्रिटनमधले कितीतरी बँड सुरुवातीची वर्षे बेकारभत्त्यावर तगले, तेव्हा हा आग्रह त्यांच्या धंद्याच्या मुळाशी जाणारा होता.

निवृत्तीचे म्हणाल, तर क्रिएशन मिटताच 2000 मध्ये त्यांनी पॉपटोन्स हे दुसरे लेबल काढले आणि त्यावर द हाइव्ह्ज या स्वीडिश बँडचे संकलन ब्रिटनच्या पहिल्या दहांत नेले. मग ते द लिबर्टीन्सचे मॅनेजर झाले. 2004 मध्ये त्या बँडचा दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तो ध्वनिमुद्रित होत असताना दोन्ही गायक एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून सुरक्षारक्षक ठेवावे लागले. मॅनेजरच्या कामाचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही. 2008 च्या सुमारास त्यांनी खरोखर संन्यास जाहीर केला होता; 2013 मध्ये 359 म्युझिक काढून तो मोडला, पुढे जीझस अँड मेरी चेन, म्हणजे 1986 मध्ये त्यांना काढून टाकणारा तोच बँड, पुन्हा सांभाळला, आणि 2018 मध्ये क्रिएशन23 या नावाने नव्या बँडच्या सात इंची तबकड्या काढायला घेतल्या.