सविस्तर चर्चा झाली

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंचा नेमका उपयोग काय, हा प्रश्न वर्षभर कुणालाही पडत नाही, कारण त्या आहेत हेच कुणाच्या लक्षात नसतं. जून लागला की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते. "मॅडम, तुमची भाषा चांगली आहे. पालक-शिक्षक संघाचं सचिवपद तुमच्याकडेच राहू दे." भाषा चांगली असण्याची शिक्षा एवढी कडक असेल हे बीएडला कुणी सांगितलं नव्हतं.

हा संघ म्हणजे कुणाची हौस नव्हे, त्याला चांगला भारदस्त कायदा आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन झाला पाहिजे. कार्यकारी समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून, दोन सहसचिव पुन्हा पालकांमधून, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. कागदावर ही रचना फार सुरेख दिसते. दोन सहसचिव मदतीला आहेत म्हटल्यावर कुणालाही धीर येईल. पण आमचे एक सहसचिव कायम हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतात आणि दुसऱ्या सहसचिव 'मी ऑनलाइन जॉइन होते' म्हणून जॉइन होतात आणि सभा संपेपर्यंत "माझा आवाज येतोय का?" एवढंच विचारतात.

पहिली पायरी वर्गणीची. प्रत्येक पालक आपोआप संघाचा सभासद होतो आणि त्याची वार्षिक वर्गणी शहरी भागात ५० रुपये, ग्रामीण भागात २०. वर्षाची फी मोबाइलवर अंगठा टेकवून निमूटपणे भरणारा माणूस पन्नास रुपये म्हटलं की ताठ बसतो. "कशासाठी?" "पावती मिळेल ना?" "दोन मुलं एकाच शाळेत आहेत, मग दोनदा का?" एका गृहस्थांनी पाचशेची नोट काढून, सुटे मिळेपर्यंत मला भारतीय करव्यवस्था समजावून सांगितली. मागे रांग लागली होती, आणि पुढच्या तासाला सातवीला मला समास शिकवायचा होता. द्वंद्व समास.

मग सोडत. समितीवर यायला तयार असणाऱ्या पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून प्रतिनिधी निवडायचे. प्रश्न असा, की तयार कोण असतं? वर्गशिक्षिका फोन करतात, गळ घालतात, "काही काम नसतं हो" असं धडधडीत खोटं बोलतात. तरीही गेल्या खेपेला तिसरीतून एकच नाव आलं. कायद्यात सोडत म्हटलंय म्हणजे सोडत झालीच पाहिजे, असं मुख्याध्यापकांचं मत पडलं. म्हणून प्रयोगशाळेतून आणलेल्या काचेच्या बरणीत एक चिठ्ठी टाकली, बरणी नीट हलवली, पहिलीतल्या एका चिमुरडीला पुढे बोलावलं, तिचे डोळे रुमालाने झाकले आणि तिला "कुठलीही एक काढ" असं सांगितलं. व्हिडिओ केला. तिने बराच वेळ हात फिरवून चिठ्ठी काढली, टाळ्या झाल्या आणि ती चिठ्ठी मुठीत घट्ट धरून "ही माझी आहे" म्हणून रडायला लागली. तिला दुसरा कोरा कागद देऊन चिठ्ठी सोडवून घेतली. इतिवृत्तात मी लिहिलं : 'सोडत पारदर्शक पद्धतीने पार पडली.' बरणी खरोखरच पारदर्शक होती.

इतिवृत्त ही माझी खास जागा. लोक कथा-कविता लिहितात, मी इतिवृत्त लिहिते, आणि दोन्हींतला कल्पनाविलास सारखाच असतो असं माझं मत आहे. स्कूल बस अर्धा तास उशिरा येते यावरून सभागृह डोक्यावर घेतलं गेलं, की मी लिहिते, 'वाहतूक व्यवस्थेबाबत पालकांनी मौलिक सूचना केल्या.' एक आई "हे असंच चालणार असेल तर मी इथे कशाला बसू?" म्हणत पर्स उचलून निघून गेल्या : 'काही सदस्यांना तातडीच्या कामामुळे लवकर जावे लागले.' दोन बाबा एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले : 'सविस्तर चर्चा झाली.' हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा वापरलंय की आता ते लिहिताना हात आपोआप थरथरतो.

आणि शिक्षक काय बोलतात? काही नाही. समितीत आम्ही दर इयत्तेचे एक असे चांगले डझनभर शिक्षक असतो, पण एका बाजूला मुख्याध्यापक साहेब बसलेले, समोर पालक. बसच्या बाबतीत पालकांचं बरोबर आहे असं म्हटलं, तर "मॅडम, जरा केबिनमध्ये या." शाळेची अडचण सांगायला गेलं, तर "मॅम, तुम्ही तर शाळेचंच बोलणार." शाळेला वाटतं आम्ही पालकांना फितूर आहोत, पालकांना वाटतं आम्ही शाळेचे हेर. त्यामुळे विज्ञानाच्या सरांनी एक युक्ती शोधून काढली आहे. ते सभाभर गंभीर चेहऱ्याने वहीत काहीतरी टिपत असतात. एकदा मी डोकावून पाहिलं, तर आठवड्याच्या भाजीची यादी होती. मी लिहिलं : 'शिक्षक प्रतिनिधींनी सहमती दर्शवली.'

बोलण्यात आमचा वाटा नसला, तरी ठरलेलं सगळं आमच्याच वाट्याला येतं. दप्तराच्या ओझ्याचंच घ्या. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावं असा शासन निर्णय २०१५ सालीच झालेला आहे. पाचवीतल्या एका बाबांनी त्याची प्रिंट आणली, आणि सोबत विमानतळावर बॅग तोलायला वापरतात तो हुकवाला काटा. मुलगा तीस किलोचा, दप्तर भरलं साडेपाच. सभेत हलकल्लोळ. शाळा मुलांचे हमाल करते आहे, पाठीचे मणके, भावी पिढी वगैरे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलाला बोलावून, सर्वांच्या साक्षीने, दप्तर टेबलावर ओतलं. भरलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. मे महिन्यापासून मुक्कामाला असलेली छत्री. चौथीची सुलेखनाची वही. लेदर बॉल. एका डब्यात अर्धी पोळी, जिचं वय सांगण्याचं धाडस जीवशास्त्राच्या मॅडमनाही झालं नाही. आणि शेजारच्या बांधकामावरून गोळा केलेली खडी, रंगाप्रमाणे तीन पिशव्यांत विभागलेली. त्या दिवशीच्या वेळापत्रकाची वह्या-पुस्तकं वेगळी तोलली, तर पावणेतीन किलो. बाबा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "पण हे वर्गात कुणी बघत कसं नाही?" ठराव मंजूर : वर्गशिक्षकांनी रोज सकाळी प्रत्येक दप्तर तपासावे. सूचक ते बाबा, अनुमोदक त्यांच्या शेजारचे. खडी मुलाने परत भरून नेली.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देता येत नाहीत. सभेच्या खुर्च्या मांडणं यातल्या कशात बसतं, असं मी एकदा साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आपत्ती निवारणात." साहेबांना विनोदाचं अंग आहे, हे मला त्या दिवशी कळलं. खुर्च्या मीच मांडल्या.

माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिच्याकडे संघाऐवजी शाळा व्यवस्थापन समिती. पाऊण हिस्सा पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालक आणि मुख्याध्यापक सचिव. शाळेत दोनच शिक्षक, त्यामुळे मुख्याध्यापकही तीच, सचिवही तीच. पण तिच्या सभा दहा मिनिटांत संपतात. "ताई, तांदूळ आला का? पत्रा गळतोय का? बरं, मग निघतो, मोटार चालू ठेवून आलोय." मला तिचा हेवा वाटतो. तिला माझ्या सभेतल्या सामोशांचा वाटतो.

शिक्षकदिनाचं सांगायलाच हवं. शिक्षकांचा सत्कार करावा, अशी सूचना पालकांकडून आली. मन भरून आलं. एकमताने ठराव झाला, की ५ सप्टेंबरला संघातर्फे सर्व शिक्षकांचा गुलाबपुष्प देऊन गौरव करावा आणि कार्यक्रमाची जबाबदारी सचिवांनी घ्यावी. म्हणजे मी. भल्या पहाटे मार्केट यार्डातून गुलाब मी आणले. मानपत्राचा मजकूर भाषा चांगली असल्यामुळे मी लिहिला. त्यात 'निरपेक्ष वृत्तीने ज्ञानदान करणाऱ्या' हे लिहिताना मला जरा लाजल्यासारखं झालं. सूत्रसंचालन मी केलं आणि माझं नाव मीच पुकारून, माइक स्टँडला लावून, पलीकडे जाऊन, माझाच गुलाब उपाध्यक्षांच्या हातून घेऊन, परत येऊन माझेच आभार मानले. गुलाब एक कमी पडला होता. तो ग्रंथपाल मॅडमना माझा दिला.

पण खरी सभा डिसेंबरातली. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने नवीन वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधी कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. त्यामुळे त्या दिवशी ऑनलाइनवालेही प्रत्यक्ष येतात, आणि सामोसे पुरत नाहीत. पडद्यावर खर्चाचा तक्ता झळकतो. वीज, पाणी, देखभाल, विमा. आणि सगळ्यांत वरची, सगळ्यांत जाड ओळ : शिक्षकांचे वेतन.

ती ओळ म्हणजे आम्ही. आम्ही आमच्याच खाली, खुर्च्यांवर बसलेलो.

"हा आकडा जरा जास्त वाटत नाही?" सहावीच्या प्रतिनिधी बाबांनी लेझरचा लाल ठिपका बरोबर माझ्या पोटापाण्यावर ठेवला. ते स्वतः कुठल्याशा कंपनीत खर्चकपातीचंच काम बघतात. "इथे ऑप्टिमाइझ करायला वाव आहे." मग चर्चेला बहर आला. शिक्षक कमी करता येतील का? दोन तुकड्या एकत्र केल्या तर? मराठीसारख्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक हवाच का? इथे माझं पेन क्षणभर अडखळलं. लगेच दुसऱ्या एका आईंनी मुद्दा मांडला, की वर्गात चाळीस मुलं फार होतात, प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष हवं, शिक्षकांची संख्या वाढवा. यालाही सर्वांनी माना डोलावल्या, ठिपकेवाल्यांनीसुद्धा. शिक्षक वाढवावेत, त्यांच्यावरचा खर्च कमी करावा, आणि फी आहे तीच ठेवावी, असा सूर निघाला. गणिताच्या सरांनी भाजीची यादी लिहायला घेतली.

शेवटी साहेबांनी मागितलेल्या वाढीच्या निम्मी वाढ मान्य झाली, जी बहुधा साहेबांना पहिल्यापासून तेवढीच हवी होती. मी लिहिलं : 'शिक्षकांच्या वेतनाबाबत सविस्तर चर्चा झाली. शिक्षक प्रतिनिधींनी सहमती दर्शवली.'

खुर्च्या आवरत होते, तेवढ्यात ते लाल ठिपकेवाले बाबा मागे रेंगाळताना दिसले. इकडेतिकडे बघून जवळ आले, आणि सभेतल्या आवाजाच्या एक दशांश आवाजात म्हणाले, "मिस, आमच्या आर्यनचं मराठी फार कच्चं आहे हो. आजी फोन करते तर हा 'हो आजी, मी बरी आहे' म्हणतो. तुम्ही आठवड्यातून दोनदा घरी याल का शिकवायला? पैशाचं अजिबात बघू नका."

मी म्हटलं, "शिक्षण हक्क कायदा, कलम २८. शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही."

"असं आहे का?" ते दोन पावलं मागे सरले. मग माझ्या हातातल्या इतिवृत्ताच्या वहीकडे त्यांचं लक्ष गेलं. "मग हे त्यात नका हं घालू."