इंजिनांचं अजिंक्यपद ‘फिक्स’ असतं? त्या फॉरवर्डला उत्तर

सुट्टीतली बुद्धिबळ शिबिरं सुरू झाली की वडोदऱ्यातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर, कुठलाही ग्रुप घ्या, मजकूर तोच. त्याचं सार असं: कॉम्प्युटरनं बुद्धिबळ केव्हाच सोडवलंय, सगळ्या चाली त्याला पाठ आहेत. इंजिनांच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या स्पर्धेत ज्याचं मशीन मोठं तो जिंकतो. तरी सगळे डाव बरोबरीत सुटतात, म्हणून आयोजकच सुरुवातीच्या चाली ठरवून देतात आणि डाव मध्येच थांबवून निकाल लावतात, म्हणजे सगळं फिक्स. खरा विजेता गुगलचा अल्फाझीरो, तो चार तासांत शिकला आणि २८-० नं जिंकला. शिवाय कोण किती सरस हे सांगताना दोन इंजिनं एकाच स्थितीला वेगवेगळे आकडे देतात, म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार.

यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य एकमेकांच्या उरावर बसलंय, हे फॉरवर्ड करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. खेळ सुटलेला असता तर आकडे वेगळे आलेच नसते.

फॉरवर्डचा रोख मुख्यतः टीसीईसीवर, म्हणजे टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिपवर आहे. ही स्पर्धा २०१० पासून चालू आहे. खालच्या विभागांतून वर येत शेवटी दोन इंजिनं उरतात आणि ती शंभर डावांची ‘सुपरफायनल’ खेळतात.

‘बुद्धिबळ सुटलंय’

खेळ सुटला असं कधी म्हणायचं? दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर पहिल्या चालीपासून निकाल काय, हे सिद्ध झालं तर. चेकर्सचं तसं झालं. २००७ मध्ये जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अचूक खेळात तो बरोबरीत सुटतो. बुद्धिबळात दोन्ही राजे धरून पटावर सात मोहरी उरली की पुढचं सगळं माहीत आहे, त्याच्या आधीचं नाही. आणि डाव सुरू होतो बत्तीस मोहऱ्यांनी.

ही माहिती ‘टेबलबेस’मध्ये असते. सिझिजी नावाचा टेबलबेस सध्या सगळ्यात जास्त वापरला जातो. पाच मोहऱ्यांपर्यंतचा सगळा संच साधारण एक जीबीत मावतो, सहा मोहऱ्यांच्या संचाला दीडशे जीबीच्या आसपास जागा लागते आणि सातच्या संचाला सतरा टीबीच्या घरात. म्हणजे एक मोहरं वाढलं की जागा शंभर-दीडशे पट. याच चालीनं आठ मोहऱ्यांचा संच पेटाबाइटमध्ये जाईल. बत्तीसचा हिशोब ज्याला करायचा त्यानं करावा.

‘सगळ्या चाली पाठ’ हेही खोटं. स्टॉकफिश हे अव्वल इंजिन डाउनलोड करून बघा, सगळा प्रोग्रॅम शंभर एमबीच्या आसपास. त्यात डाव साठवलेले नाहीत. त्यात आहे शोध घेण्याची पद्धत आणि स्थिती जोखणारं न्यूरल जाळं. टीसीईसीत इंजिनाला स्वतःचं ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या चालींचा तयार साठा, वापरता येत नाही. ठरवून दिलेल्या चाली संपल्या की जे काय ते घड्याळ चालू असताना शोधायचं.

‘मोठं मशीन जिंकतं’

या मुद्द्याला एकेकाळी आधार होता. इंजिनांची जुनी जागतिक स्पर्धा १९७४ साली स्टॉकहोममध्ये सुरू झाली. पहिला विजेता सोव्हिएत ‘काइस्सा’, आणि शेवटची स्पर्धा २०२४ मध्ये झाली. तिथे बहुतेक वर्षं प्रत्येक जण आपापलं मशीन घेऊन यायचा, त्यामुळे मोठ्या मशीनचा फायदा व्हायचाच. टीसीईसीत मशीन आयोजकांचं असतं आणि सीपीयूवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर, चालणाऱ्या सगळ्या इंजिनांना तेच मिळतं.

यात एक खरी अडचण आहे, तीही सांगायला हवी. स्टॉकफिश सीपीयूवर चालतं आणि लीला हे दुसरं अव्वल इंजिन ग्राफिक्स कार्डवर. एवढ्या कोअरना एवढी कार्डं समान, असा काटा जगात कुठे नाही. आयोजक एक जोडी ठरवतात आणि त्यावर वाद होतात, ते रास्तच आहे. पण ‘मोठं ते जिंकतं’ हा नियम तरीही उभा राहत नाही. १९९७ मध्ये कास्पारोवला ३.५–२.५ नं हरवणारं डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचं. २००९ मध्ये ब्यूनोस आयरेसच्या मर्कोसुर चषकात पॉकेट फ्रिट्झ ४ एका मोबाईलवर खेळलं. सेकंदाला वीस हजारांहून कमी स्थिती बघून त्यानं दहापैकी साडेनऊ गुण घेतले. लीलाही स्टॉकफिशच्या मानानं फार थोड्या स्थिती बघते, तरी टीसीईसीच्या पंधराव्या मोसमात तिनं ५३.५–४६.५ नं सुपरफायनल जिंकली. किती बघितलं याइतकंच काय बघायचं टाळलं यालाही महत्त्व आहे.

‘सुरुवातीच्या चाली ठरवून देतात, म्हणजे फिक्सिंग’

फॉरवर्डमधला हा सगळ्यात चुकीचा मुद्दा. ज्याला तो फिक्सिंग म्हणतो, नेमक्या त्याच व्यवस्थेमुळे सामन्याला अर्थ येतो.

दोन अव्वल इंजिनांना नेहमीच्या सुरुवातीपासून पूर्ण वेळ देऊन खेळवलं तर जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो. माणसांतही हे घडलंय. २०१८ च्या जागतिक लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते. शंभर बरोबऱ्यांतून कोण सरस हे कळत नाही. म्हणून पुस्तककार, म्हणजे स्पर्धेसाठी सुरुवातींचा संच बनवणारे, अशी सुरुवात निवडतात की एका बाजूला, बहुतेकदा पांढऱ्याला, ठळक फायदा असेल पण डाव जिंकलेला नसेल. किंग्ज इंडियन नावाच्या सुरुवातीच्या काही शाखा यासाठी फार सोयीच्या, कारण तिथे काळ्याची जागा अडचणीची असते आणि किल्लेकोट झाल्यावरही डाव पेटता राहतो.

मग अन्याय होत नाही का? उत्तरायणाला पतंग उडवताना काय होतं आठवा. ज्याची गच्ची वाऱ्याच्या अंगाला, त्याची काटाकाटी सोपी. कोणाचा हात चांगला हे खरंच बघायचं असेल तर दोघांना आळीपाळीनं त्याच गच्चीवर चढवायचं. इथेही तेच होतं. प्रत्येक सुरुवात दोनदा खेळली जाते, दुसऱ्यांदा रंग बदलून. दोन्ही वेळा पांढरा जिंकला तर जोडीचा हिशोब १–१, कोणालाच काही मिळालं नाही. ‘अ’ इंजिनानं पांढऱ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला आणि तीच स्थिती काळ्या मोहऱ्यांनी खेळून वाचवली, तर जोडी १.५–०.५. हा जो अर्धा गुण वर आला, तो ताकदीचा. सुरुवात एकतर्फी असल्याचा फायदा जोडीत वजा होऊन गेलेला असतो.

पुस्तक निवडणं हे मात्र नाजूक काम. फायदा कमी ठेवला तर दोन्ही डाव बरोबरीत, जास्त ठेवला तर दोन्ही डाव पांढऱ्याचे. दोन्ही वेळा जोडी वाया. सुरुवात अशी हवी की ताकदवान इंजिनाला पांढऱ्यानं जिंकता यावं आणि काळ्यानं वाचता यावं.

आता मोजमापाची मर्यादा. शंभरपैकी ऐंशी डाव बरोबरीत सुटले आणि प्रत्येक डाव स्वतंत्र धरला, तर नुसत्या नशिबानं साधारण सव्वादोन गुण इकडचे तिकडे होतात. चौदाव्या मोसमात स्टॉकफिशनं लीलाला ५०.५–४९.५ नं हरवलं. ट्रॉफी नियमाप्रमाणे त्याची, पण त्यावरून ‘स्टॉकफिश सरस’ असा निष्कर्ष काढणं धाडसाचं. पुढच्या मोसमातले लीलाचे ५३.५ बऱ्यापैकी बोलके, तरी शंकेपलीकडचे नाहीत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं टीका करायचीच होती तर इथे करायला हवी होती.

‘डाव मध्येच थांबवतात’

थांबवतात, आणि नियम आधी जाहीर असतो. पटावर मोजकीच मोहरी उरली आणि टेबलबेसमध्ये निकाल असेल तर तो लावतात. दोन्ही इंजिनं सलग काही चाली शून्याजवळचा आकडा दाखवत राहिली तर बरोबरी. दोघांचाही आकडा एकाच बाजूला मोठा असेल तर त्या बाजूचा विजय. हरणारं इंजिन स्वतःच ‘मी हरलोय’ म्हणत असतं, त्यामुळे तक्रार करायला कोणी उरत नाही.

‘अल्फाझीरोनं चार तासांत २८-०’

डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या शंभर डावांत अल्फाझीरोचे २८ विजय, ७२ बरोबऱ्या आणि एकही पराभव नाही, हे खरं आहे. गुणांत ६४–३६. ‘२८-०’ लिहिलं की ७२ बरोबऱ्या अलगद गायब होतात. समोर स्टॉकफिश ८ होतं, प्रत्येक चालीला ठरलेला एक मिनिट आणि ६४ थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या हिशोबाच्या धाग्यांना) जेमतेम एक जीबी हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा. सोप्या चाली झटपट खेळून अवघड जागेसाठी वेळ राखायचा, हे स्टॉकफिशचं कौशल्य त्यामुळे बादच झालं. २०१८ मध्ये अटी सुधारून हजार डाव झाले, तीन तास आणि चालीमागे पंधरा सेकंद, ३२ जीबी हॅश. अल्फाझीरो १५५ जिंकलं, ६ हरलं, ८३९ बरोबरीत. त्या वेळच्या स्टॉकफिशपेक्षा ते सरस होतं, यात वाद नाही.

‘चार तास’ मात्र ऐकायला सोपे वाटतात. स्वतःशी डाव खेळायला पाच हजार टीपीयू, म्हणजे गुगलच्या खास चिपा, जुंपलेले होते. एकाच टीपीयूवर तेवढं काम करायला वीस हजार तास, म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त. आणि अल्फाझीरो कधी बाहेर दिलं गेलं नाही, कुठल्या खुल्या स्पर्धेत उतरलं नाही. त्याची पद्धत वापरून २०१८ मध्ये लीला उभी राहिली. २०२० मध्ये स्टॉकफिशनं शोगीतून, म्हणजे जपानी बुद्धिबळातून, आलेलं एनएनयूई नावाचं न्यूरल जाळं घेतलं, आणि पुढे ती जाळी शिकवायला लीलाचाच डेटा वापरला. आजचं स्टॉकफिश आणि ते स्टॉकफिश ८ यांत नाव सोडून फारसं काही सारखं उरलेलं नाही.

‘आकडे वेगळे, म्हणजे अंदाज’

+१ म्हणजे एक प्यादं जास्त, हा जुना अर्थ. स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे त्या बाजूला जिंकण्याची शक्यता निम्मी, अशी पट्टी लावली आहे. लीला विजय, बरोबरी, पराभव यांच्या शक्यता काढते आणि त्यावरून आकडा बनवते. सेल्सिअस आणि फॅरनहाइटचे आकडे जुळत नाहीत म्हणून ताप खोटा ठरत नाही. मुलांचे डाव तपासताना दोन अॅपांचे आकडे शेजारी ठेवू नका. एकाच अॅपमध्ये चालीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा बघा.

घरच्या घरी पडताळा

स्टॉकफिश, लीला आणि इंजिनांना एकमेकांशी खेळवणारा क्यूटचेस हा प्रोग्रॅम, हे सगळं फुकट मिळतं. लॅपटॉपवर लीलाच्या नादी लागू नका, चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ती फारच रखडते. स्टॉकफिशच्या दोन आवृत्त्या घ्या, एक जुनी, एक नवी. दोन्ही आपल्या प्रोसेसरला साजेशा आणि एकाच प्रकारच्या असाव्यात. एक एव्हीएक्स-२ ची (प्रोसेसरच्या वेगवान सूचना वापरणारी) आणि दुसरी साधी घेतली तर दुसरी हळू चालेल आणि तुम्ही इंजिन न मोजता फाईल मोजत बसाल.

क्यूटचेसमध्ये दोघांना एक-एक थ्रेड, ६४ एमबी हॅश, दहा सेकंद आणि चालीमागे ०.१ सेकंद द्या. स्टॉकफिशचे कार्यकर्ते नवा बदल आधी याच वेळेत तपासतात. पॉन्डरिंग, म्हणजे दुसऱ्याच्या वेळात विचार करणं, बंद ठेवा. एकाच मशीनवर ते चालू असलं की एक जण दुसऱ्याचा प्रोसेसर खातो. सुरुवातींची फाईल जोडा आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळायची खूण करा. ही खूण विसरली तर सगळा निकाल रद्दीत. एका वेळी चालणारे डाव खऱ्या कोअरपेक्षा एकानं कमी ठेवा. कोअर मोजताना थ्रेड मोजू नका.

चार कोअरच्या लॅपटॉपवर एका वेळी तीन डाव चालतात, एक डाव अर्ध्या मिनिटाचा, म्हणजे हजार डाव पावणेतीन तासांत. मे महिन्यात वडोदऱ्यात दुपारी हे लावू नका. खोलीच तापलेली असली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि तो एकसारखा उतरत नाही. पहाटे लावा, अडॅप्टर जोडलेला ठेवा, ब्राउझर बंद. निकालात ‘वेळ संपल्यानं पराभव’ अशी नोंद दिसली तर ते डाव धरू नका. मूव्ह ओव्हरहेड, म्हणजे प्रत्येक चालीला राखून ठेवलेला वेळ, थोडा वाढवा आणि पुन्हा लावा.

निम्मे डाव बरोबरीत सुटले तर हजार डावांनंतरही एलोतला, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मानांकनातला, फरक साधारण पंधरा गुण इकडे-तिकडे असू शकतो, शंभर डावांनंतर पन्नासच्या आसपास. लागोपाठच्या दोन आवृत्त्या घेतल्यात आणि फरक बारा गुणांचा आला, तर अजून काहीच कळलेलं नाही. आणखी तीन हजार डाव लावा, त्रुटी निम्म्यावर येईल.