त्या चांदणीचा एक पाय लांब होता

तीन वर्षांपूर्वी सुट्टी लागली आणि घरी बिस्किटं करायची ठरली. थोरली तेव्हा पाच वर्षांची होती. लाटलेल्या पिठातून तिने चांदण्या कापल्या, ट्रेमध्ये मांडल्या आणि हात धुवायला गेली. तेवढ्यात मी त्या उचलल्या, गोळा केला, पुन्हा लाटला आणि छान एकसारख्या चांदण्या कापून ठेवल्या. बिस्किटं भाजून निघाली तेव्हा ती बराच वेळ ट्रेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, यातली माझी कुठली?" मी एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "नाही, माझ्या चांदणीचा एक पाय लांब होता."

त्या दिवशी तिने एकही बिस्किट खाल्लं नाही. पुढच्या सुट्टीत हाक मारली तर म्हणाली, "तूच कर."

ते "तूच कर" मला अजून लागतं. म्हणून ही पोस्ट.

सुट्टीत मुलांना घेऊन खाऊ करायचा म्हणजे आपण बहुतेक जण काय करतो? मोजतो आपण, चाळतो आपण, लाटतो आपण. सगळं झालं की मुलांना बोलावतो, वर रंगीत साखर भुरभुरायला लावतो आणि फोटो काढतो. मुलांना हे बरोबर कळतं. आपल्याला कामाला घेतलंय की कौतुकाला उभं केलंय, हे चार वर्षांच्या मुलालाही समजतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांना पहिल्यापासून घ्या, खरं काम द्या आणि त्यांच्या हातून जे होईल त्याला नंतर हात लावू नका.

यासाठी कृती साधी हवी. आमच्याकडे जी चालते ती एका ओळीची आहे: साखर एक भाग, बटर दोन, मैदा तीन. मुलांबरोबर करताना मी 50 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम बटर आणि 150 ग्रॅम मैदा घेतो. लहान लहान वीसेक बिस्किटं होतात. अंडं नाही, पाणी नाही, बेकिंग पावडरही नाही. हे प्रमाण वजनाचं आहे, वाटीचं नाही. का, ते मुलांना करूनच दाखवा. एक वाटी मैदा दाबून भरायला सांगा आणि वजन करा. मग तोच मैदा चाळून तीच वाटी हलक्या हाताने भरायला लावा. काट्यावरचे दोन वेगळे आकडे बघून थोरली आधी रुसली होती, काटाच बिघडलाय म्हणाली. मग तिने स्वतः चार वेळा भरून बघितलं. मी शेजारी गप्प उभा होतो, आणि त्या संध्याकाळी मी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच होतं.

पुढचं काम तर मुलांच्याच बोटांसाठी आहे. गार बटरचे तुकडे मैद्यात टाकायचे आणि बोटांच्या टोकांनी चोळत राहायचं, जसं आपण पिठाला मोहन चोळतो तसं. रव्यासारखं दिसू लागलं आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला की झालं. मग साखर घालून फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करायचं. इथे मुलांना सांगावं लागतं की हे पीठ मळायचं नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते मळलं की त्यातल्या प्रथिनांची लवचीक जाळी तयार होते. पोळीला ती हवी असते, पण बिस्किटात आली तर बिस्किट वातड होतं. बटर पिठाच्या कणांना लपेटून घेतं आणि ती जाळी फारशी होऊ देत नाही, म्हणून बिस्किट खुसखुशीत होतं. हे सगळं सहा-सात वर्षांच्या मुलाला नीट समजतं. आपण सांगत नाही एवढंच.

मग गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. मुलांना हा अर्धा तास फार जड जातो. तेवढ्यात ओटा पुसून घ्यायचा, भांडी घासायला ठेवायची. सांडलवंड होणारच. पुसणं हाही खाऊ करण्याचाच भाग आहे आणि ते मुलग्यांनाही आलं पाहिजे, हे मी मुद्दाम लिहितो.

लाटताना मुलांच्या हातून एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. पूर्वी मी लगेच लाटणं हातात घ्यायचो. आता घेत नाही. 160 ते 170 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ट्रे आत राहतो. पातळ बिस्किटं आधी तपकिरी होतात आणि जाड मधून कच्ची राहतात. ओव्हनच्या काचेतून मुलं हे डोळ्यांनी बघतात. गेल्या वर्षी थोरलीने आपणहून पातळ वेगळी आणि जाड वेगळी अशा दोन ट्रेमध्ये लावली. मी सगळी एकसारखी करून दिली असती तर हे तिला कधी सुचलं असतं? कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढायची. तेव्हा ती मऊ लागतात, गार होताना कडक होतात. त्यामुळे "अजून झाली नाहीत" म्हणून पुन्हा आत ढकलायची घाई नको.

ओव्हन नसेल तर चॉकलेट वितळवा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाडगा ठेवायचा, पण वाडग्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. वाफेचं काम मोठ्यांचं, ढवळायचं मुलांचं. वाडगा आणि चमचा अगदी कोरडे हवेत. पाण्याचे दोन-चार थेंब गेले तरी वितळलेलं चॉकलेट घट्ट, गुठळ्यांचं होतं. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं कमी. एक तुकडा तळहातावर आणि एक जिभेवर ठेवून मुलांना बघू द्या.

पॉपकॉर्नही चांगलं. दाण्यात जवळजवळ 14 टक्के ओलावा असतो. 180 अंशांच्या आसपास त्याची वाफ आतून कवच फोडते. तळाशी काही दाणे तसेच उरतात, त्यांचं कवच तडकलेलं तरी असतं किंवा आतला ओलावा गेलेला असतो. मात्र चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतं.

काही गोष्टींत मी अजिबात ऐकत नाही. साखरेचा पाक आणि कॅरॅमल मुलांच्या हाती द्यायचं नाही. पाणी 100 अंशांना उकळतं, कॅरॅमल 160 च्या वर जातं, आणि ते त्वचेला चिकटून राहतं. पाण्यासारखं ओघळून जात नाही. त्या वेळी मुलं ओट्यापासून लांब, दुसऱ्या कामात. कच्चं पीठ चाखायचं नाही, अंडं नसलं तरीही. मैदा कच्चा असतो, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. एक वर्षाच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याला मधाचं बोटसुद्धा नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे बदाम-काजू नकोत, बारीक पूड चालते. मी ही कारणं मुलांना सांगतो. नुसतं "नाही" म्हटलं तर त्यांना ते फक्त माझं दटावणं वाटतं.

वेळ कुठे असतो, असं बरेच जण म्हणतात. खरं आहे, मुलांबरोबर दुप्पट वेळ लागतो. म्हणून पाहुणे यायचे असतील, डबे भरायचे असतील, तर तो घाणा तुम्ही एकटेच करा. मुलांचा घाणा वेगळा ठेवा, छोटासा, आणि ज्या दिवशी कुठे पोचायचं नाही अशा दिवशी. दोन्ही एकत्र केलं की आपला आवाज चढतो आणि मुलाच्या हातातलं काम आपण काढून घेतो. मी ते केलेलं आहे. तिच्या चांदण्या परत आणता आल्या असत्या तर आणल्या असत्या.

थोरली परत ओट्यापाशी यायला दीड वर्ष गेलं. मी बोलावणं सोडून दिलं होतं. एके दिवशी मी मैदा मोजत असताना ती आली आणि म्हणाली, "काट्यावर आधी भांडं ठेवून शून्य केलंस का?" मी केलं नव्हतं. तिने केलं.

उद्या धाकट्याची पाळी आहे. तो आता चार वर्षांचा आहे. त्याला चाळणी द्यायची आणि हत्ती कापू द्यायचा, असं ठरलंय. हत्तीचा साचा आमच्याकडे नाही. त्याने आजच स्टूल ओढत आणून ओट्याला लावून ठेवलंय.