‘बुकिंग कसं आहे?’

नाटकवाल्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोनेक महिन्यांनी एकच भांडण पेटतं. अर्धे म्हणतात, प्रेक्षक पैसे मोजून येतो, त्याला हवं ते द्या. उरलेले म्हणतात, आम्ही आमच्यासाठी नाटक करतो, पोचलं तर पोचलं. मग कुणी दादरच्या छबिलदासमधल्या प्रायोगिक नाटकांच्या आठवणी काढतं, कुणी शिवाजी मंदिरमधल्या व्यावसायिक नाटकांच्या, आणि पुण्यात रात्रीचा एक वाजला की सगळे झोपायला जातात. बर्लिनमध्ये तेव्हा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात, मी जागाच असतो.

इथे हान्साप्लाट्झच्या भुयारी स्टेशनाला लागून ग्रिप्स नावाचं नाट्यगृह आहे. ग्रिप्स म्हणजे बोली जर्मनमध्ये डोकं, अक्कल. फोल्कर लुडविग आणि मंडळींनी 1960च्या दशकात राजा-राणी-चेटकीण बाजूला ठेवून मुलांच्या घरात आणि शाळेत जे चालतं त्यावर नाटकं करायला घेतली. मुलांची कामंही मोठी माणसंच करतात. पुणेकरांना हे सांगायला नको. 1986 साली डॉ. मोहन आगाशे आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने ग्रिप्स मराठीत आणलं, आणि ते बघत वाढलेली मुलं आज माझ्याच वयाची आहेत.

त्याच वळणाच्या एका छोट्या नाट्यगृहात मागच्या हिवाळ्यात मुलीच्या वर्गासोबत गेलो होतो. रंगीत तालीम, सकाळी दहाची. नाटकातल्या बापाची नोकरी गेलीय आणि तो घरी सांगत नाही. त्याने पहिली थाप मारली तसा आमच्या पुढचा नऊ वर्षांचा पोरगा मोठ्याने म्हणाला, ‘‘खोटं बोलतोय!’’ पुढे आईचा फोनवरचा लांबलचक प्रवेश आला. तिथे तीन रांगांतून जॅकेटांच्या चेन खालीवर व्हायला लागल्या. नाटक संपल्यावर नटमंडळी रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली. ‘आवडलं का?’ असं कुणी विचारलं नाही. विचारलं, ‘‘कुठे कंटाळलात?’’ पोरगा म्हणाला, ‘‘आई फोनवर होती तेव्हा. पलीकडे कोण होतं ते कळलंच नाही.’’ लेखिकेने वहीत लिहून घेतलं. सफाई दिली नाही.

विषय तिने पोरांना विचारून निवडलेला नव्हता. विचारलं असतं तर डायनासोर मिळाले असते. नोकरी गेलेला बाप तिला स्वतःला लिहायचा होता, आणि तो लिहून झाला की नाही हे तिला त्या पोराशिवाय कळणार नव्हतं. आमच्या ग्रुपवरची दोन्ही टोकं मला म्हणूनच पटत नाहीत. व्यावसायिकवाले प्रेक्षकाला थेट तिकीटबारीवर विचारतात. तोवर सेट उभा झालेला असतो, जाहिरात गेलेली असते, तारखा घेतलेल्या असतात. उत्तर येतं ते आकड्यात, आणि आकडा कुठला प्रवेश लांबला ते सांगत नाही. प्रायोगिकवाल्यांच्या समोर पंचवीस माणसं, त्यातली वीस नाटकातलीच. ती बाहेर चहा पिताना ‘‘वेगळा प्रयत्न आहे’’ म्हणतात. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

यावर मित्र म्हणतो, तुमच्याकडे सरकारी पैसा आहे, तुम्हाला परवडतं. खरं आहे. आपल्या नटाला नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, मिळते ती प्रयोग लागला तर. पण बर्लिनच्या सरकारनेही 2025च्या सांस्कृतिक खर्चातून सुमारे 13 कोटी युरो कापायचं ठरवलं आणि इथेही ‘कला नेमकी कुणासाठी’ सुरू झालं. शब्दसुद्धा आमच्या ग्रुपवरचेच, फक्त जर्मनमध्ये.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. गेल्या गणपतीत इथल्या मंडळात एकांकिका केली, माझीच. दोन काळ, एकाच नटाच्या तीन भूमिका, मला फार आवडलेली. नंतर महाप्रसादाच्या रांगेत एक काकू म्हणाल्या, ‘‘छान केलंत हो सगळ्यांनी. फक्त कोण कुणाचं ते कळलं नाही.’’ मी हसलो आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, प्रेक्षकच तयार नाही.

या वर्षीचं पहिलं वाचन परवा आमच्या स्वयंपाकघरात झालं. काकूंना मुद्दाम बोलावलं होतं. त्या मटार सोलत ऐकत होत्या. सातव्या पानावर म्हणाल्या, ‘‘थांब जरा. हा आता कोण आला?’’

ते पान पुन्हा लिहितोय. दोन काळ मात्र ठेवलेत.