‘उघड’ची खूण कोणती?

बधिर लोक हातांच्या खुणांनी बोलतात त्या भारतीय सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण केलं जाईल, असं 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आलं आणि तिकडे भारतात एक मागणी जोर धरू लागली: एका शब्दाला एकच खूण ठरवा, म्हणजे शाळा, दुभाषे, बातम्या, सगळ्यांचीच सोय. शक्य तिथे स्थानिक सांकेतिक भाषांचा मान राखून त्याही शिकवल्या जातील, हे लगेच पुढचं वाक्य. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

मुळात गफलत ‘एका शब्दाला’ म्हणण्यातच आहे. खूण अर्थाला असते. ‘उघड’ घ्या. दार उघडताना उभा तळवा बिजागरीवर फिरावा तसा फिरतो. बाटली म्हटली की एक हात धरतो, दुसरा झाकण पिळतो. पुस्तकाला जोडलेले तळवे उलगडतात, छत्रीला एका मुठीवरची दुसरी मूठ वर सरकते. हाताचा आकार, जागा, हालचाल, तळव्याची दिशा, सगळंच बदललं. आणि ‘काढ’? चित्र काढ, तिकीट काढ, चपला काढ. ‘काढ’पुढे एकच व्हिडिओ ठेवलात तर चपलेच्या खुणेने चित्र काढायची पाळी येते.

दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राचा कोश 2018मध्ये 3 हजार शब्दांचा होता, 2021मध्ये 10 हजारांवर गेला. त्यात प्रादेशिक खुणाही घेतल्या आहेत, म्हणजे कोशकार वाद घालणाऱ्यांच्या पुढेच आहेत. माझ्या मते अशा कोशात दर अर्थाला वेगळी नोंद हवी, वाक्यात वापरून दाखवलेली. खूण कुठल्या शहरातली, कुठल्या वयाच्या लोकांची, हे सोबत हवं. शिवाय हाताच्या आकारावरून शोधता यायला हवं, कारण मुलाने खूण पाहिलेली असते, शब्द त्याला ठाऊक नसतो.

इथे ब्रिटनमध्ये 8 शहरांतल्या 249 बधिर व्यक्तींचं चित्रीकरण करून अभ्यास झाला. रंग, आकडे, देशांची नावं यांच्या खुणा गावागणिक वेगळ्या निघाल्या. कारण शाळा. बहुतेक बधिर मुलं ऐकणाऱ्या घरात जन्मतात. भाषा आईकडून कमी, वसतिगृहातल्या मोठ्या मुलांकडून जास्त येते. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या काब्रा भागात मुलींची शाळा 1846ची, मुलांची 1857ची. एकाच भागात राहून दोघांच्या कितीतरी खुणा निराळ्या झाल्या. आता ब्रिटनमधल्या अशा बऱ्याच शाळा बंद पडल्या, आणि तरुणांच्या बोटांतून जुन्या स्थानिक खुणा ओसरताहेत. त्यासाठी कुणी समिती नेमली नव्हती.

‘भारत’ची खूणही बदलली. पूर्वी इथे ब्रिटनमध्ये कपाळावर टिकलीच्या जागी बोट लावत. आता उपखंडाचा त्रिकोण दाखवण्याकडे कल आहे. हा बदल मला योग्य वाटतो. टिकली म्हणजे भारत, हे बाहेरच्यांचं सोयीस्कर चित्र होतं.

ब्रिटिश सांकेतिक भाषेला 2022मध्ये कायद्याने मान्यता मिळाली, पण प्रमाण खुणांची यादी त्या कायद्यात नाही. तरी प्रमाणीकरण अजिबात नको, असं मी म्हणणार नाही. विज्ञान-गणिताच्या पारिभाषिक खुणा एडिंबरा विद्यापीठातल्या केंद्राने बधिर शास्त्रज्ञ आणि भाषातज्ज्ञ एकत्र बसवून तयार केल्या. प्रत्येक शिक्षकाने ‘प्रकाशसंश्लेषण’ स्वतःच्या मनाने रचलं तर परीक्षेत दुभाष्याची खूण मुलाला कळणारच नाही. परिभाषा ठरवावी, ‘पिवळा’, ‘आई’, ‘मंगळवार’ यांना हात लावू नये. प्रमाण मराठी आणि बोलींचा वाद पिढ्यान्‌पिढ्या घालणाऱ्या आपल्याला हे नव्याने सांगायला नको.

खुणा वेगवेगळ्या असण्याचा खरा धोका आकड्यांत. गोळ्या किती, तारीख कोणती, रक्कम किती, इथे अंदाज चालत नाही. दुभाष्याने आकडा कागदावर लिहून दोघांनाही दाखवावा, आणि त्याच्याही आधी, कामाला सुरुवात करताना, एक प्रश्न विचारून घ्यावा: तुम्ही कुठल्या शाळेत होतात?