पानिपतावर खुर्दा कुणीच नव्हता

गुडघे दुखतात? साहेबांशी पटत नाही? हाडांच्या डॉक्टरकडे बिलकूल जाऊ नका. तो वजन कमी करा म्हणेल, उगाच अपमान. सरळ संमोहन करणाऱ्या थेरपिस्टकडे आणि तिथून पूर्वजन्मात जा. कर्वे रस्त्यावरचा सिग्नल सुटायच्या आत पोचाल.

आडवे व्हा, डोळे मिटा. "जिना दिसतोय?" असं विचारलं की दिसतोय म्हणा. न दिसून सांगता कुणाला, पैसे आगाऊ भरलेत. दहा पायऱ्या उतरलात की दार, दारापलीकडे घोडे, धूळ, आरडाओरडा. लढाई कुठली ते विचारायची गरजच नाही. 14 जानेवारी 1761. पुणेकराला हरायला एवढी एकच लढाई आवडते.

आता हुद्दा. सरदारच व्हा. नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळालेलं, पानिपतची बातमी देणारं ते सावकारी पत्र आठवतंय ना? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. त्यातले मोती (भाऊ आणि विश्वासराव) आणि मोहरा (सरदार) कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत सगळीकडे पुन्हा जन्माला आले आहेत, एकेका सोसायटीत चार-चार. खुर्दा, म्हणजे साधा शिपाई, कुठेच सापडत नाही. त्याला बहुधा थेट मोक्ष मिळाला.

जाण्याआधी दोन-चार ऐतिहासिक कादंबऱ्या चाळा आणि चाळल्याचं विसरा. हे विसरणं फार महत्त्वाचं. 1952 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला एका बाईंना संमोहनात आपण आयर्लंडची ब्रायडी मर्फी असल्याचं आठवलं. केवढा गाजावाजा! पुढे पत्रकारांनी शोधलं तर तिथे ब्रायडीच्या जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही. बाईंच्या लहानपणी शिकागोत समोरच्या घरात ब्रायडी नावाच्या आयरिश बाई राहत होत्या, एवढं मात्र निघालं.

आणि नाण्यांबद्दल कुणाला विचारू देऊ नका. कॅनडात कार्लटन विद्यापीठातल्या निकोलस स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञानं हा चावटपणा केला. पूर्वजन्मात पोचलेल्यांना विचारलं, चलन कुठलं, राज्य कुणाचं, लढाई चालू आहे की तह झालाय? बहुतेकांची दांडी गुल. वर त्यानं दाखवलं की आधी जे कानावर घालावं तसाच जन्म लोकांना आठवतो. 1991 चा शोधनिबंध आहे. असल्या माणसांमुळेच धंदे बसतात. (मनाचं खरंच काही बिनसलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तिथे सरदारकी मिळत नाही, बरं वाटतं.)

बाकी फायदे अगणित. पाठदुखी म्हणजे भाल्याचा घाव. सासूबाई अब्दालीच्या छावणीत होत्या हे कळलं की घरातले निम्मे प्रश्न मिटतात. उरलेले निम्मे, हे त्यांना सांगितलंत की सुरू होतात.

माझ्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. घोडे दिसले, पण मागून. हातात खराटा होता. मोती नाही, मोतद्दार! उठून फी परत मागितली. थेरपिस्ट बाई शांतपणे हसल्या. म्हणाल्या, "अहो, पहिल्याच बैठकीत एवढंच दिसतं. पाचाचं पॅकेज घ्या, घोड्यावर बसवते."